आजोबांचं नेहमीचं

तीर्थस्वरूप अक्का,

धाकट्याचा नमस्कार. वाकून केला आहे असं समज. खरं सांगायचं तर एकदा वाकलो की सरळ व्हायला कपाटाचा आधार लागतो आणि कपाट या टेबलापासून लांब आहे. तुझ्या डोळ्याचं कसं काय? ऑपरेशननंतरचं औषध वेळेवर घालतेस ना? घालत नसशील तर घाल, आणि घालत असशील तर जास्त घालू नकोस. (आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाईंनी जास्त घातलं तर त्यांना सगळं पिवळं दिसायला लागलं. नंतर कळलं की घरमालकाने जिन्यालाच पिवळा रंग दिला होता, पण तोवर माझी झोप गेली ती गेलीच.) माझा गुडघा आहे तसा आहे. पोटाचं पुढे येतंच.

हे पत्र मी काही मागायला लिहीत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. तुझं म्हणणं असतं की माझं पत्र आलं की पाठोपाठ मागणं येतं. या वेळी तसं काही नाही. नुसता दमलो आहे, आणि दमलेल्या माणसाने ते कुणाच्या तरी कानावर घालावं, एवढंच. मी शाळेत कितपत गेलो ते तुला माहीत आहे (दप्तर तूच उचलायचीस), तेव्हा एखादं वाक्य भरकटलं तर त्याला हाताला धरून घरी आण.

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर, लॉन्ड्रीला लागून, एक चायनीज खानावळ आहे. बाहेरच्या पाटीवरचे दिवे अर्धे लागतात, अर्धे विचार करत बसतात. आत मोजकी टेबलं, त्यातलं एक डुगडुगतं, त्याच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी. छताला लाल कागदी कंदील, त्यांच्यावर इतकी धूळ की ते आता तपकिरी म्हणावेत. कोपऱ्यात काचेची पेटी आणि तिच्यात एकच जाडा मासा, जो जेवणाऱ्याकडे टक लावून बघतो. खुर्च्यांना लाल रेक्झिन, जागोजागी फाटलेलं. माझा जन्म सोफ्याखुर्च्यांना गाद्या बसवण्यात गेला, त्यामुळे फाटलेलं रेक्झिन दिसलं की मला ती खुर्ची उघडी पडल्यासारखी वाटते. पहिल्याच आठवड्यात मी सुई-दोरा नेऊन माझी खुर्ची शिवून टाकली. तेव्हापासून ती माझी खुर्ची झाली आणि माशासमोरची ती जागा माझी जागा झाली. खानावळ नवरा-बायको चालवतात. ती गल्ल्यावर आणि बाहेर, तो आत चुलीपाशी. ती मालकीणबाई, तो आचारी, आणि मी आजोबा. कुणाचं नाव विचारायची वेळच आली नाही.

तू म्हणशील, घरी चूल असताना बाहेर कशाला गिळायला जातोस? अक्का, तुझी भावजय गेल्यावर मी घरी करून पाहिलं. भात करपला, मग पातेलं करपलं, मग ते उचलायला घेतलेलं फडकं करपलं. शिवाय त्या खानावळीत मी आत पाऊल टाकलं की कुणीतरी मान वर करून बघतं. घरी कोण बघणार?

आता मुद्द्यावर येतो. पहिल्या दिवशी मी चष्मा घरी विसरलो होतो. गल्ल्याच्या वर भिंतीवर पदार्थांची चित्रं आहेत, पण समोरच्या खिडकीतून उन्हं येऊन ती सगळी निळसर पडली आहेत. कोंबडी काय, नूडल्स काय, सगळे पदार्थ एकाच तापाने आजारी. मी आपलं एकावर बोट ठेवलं. मला वाटलं, ती कोंबडी. वाडगा आला तर आत वांगं! लांब, काळं-जांभळं, लसणाच्या दाट रश्श्यात बुळबुळीत झालेलं वांगं. अक्का, तुला सांगायला नको. आई पाठमोरी झाली की माझ्या ताटातलं वांगं तुझ्या ताटात आणि तुझ्या ताटातलं कारलं माझ्या ताटात, असाच आपला सगळा लहानपणाचा कारभार. मी इकडेतिकडे पाहिलं. तू नव्हतीस. मासा होता, पण तो काचेच्या पलीकडे.

मी वाडगा परत पाठवणारच होतो. तेवढ्यात आचारी आतून आला आणि पदराला पुसावेत तसे एप्रनला हात पुसत समोर उभा राहिला. नवीन गिऱ्हाईक कसं खातं ते बघायला. आता मला सांग, माणूस हात पुसत समोर उभा असताना त्याला काय सांगणार? मी गिळलं. डोळ्यांत पाणी आलं. तो म्हणाला, "तिखट झालं का?" मी म्हणालो, "नाही, छान आहे." झालं. दुसऱ्या दिवशी मी दारात चष्मा नाकावर चढवतोय तोवर मालकीणबाईंनी आत हाक दिली, "आजोबांचं नेहमीचं!" दुसऱ्याच दिवशी नेहमीचं! लग्नात मुलगी पसंत करायलासुद्धा लोक याहून जास्त वेळ घेतात. तेव्हापासून रोज, अक्का, रोज मी वांगं खातो आहे. भाताखाली लपवून खातो, श्वास रोखून खातो, चहाच्या घोटाबरोबर गोळीसारखं खातो. आचारी आतल्या खिडकीतून डोकावतो, मी मान डोलावतो.

हे असंच चाललं असतं आणि एक दिवस मी वांगं खाता खाता निवर्तलो असतो, पण मध्येच चिरंजीवांचा फोन आला. त्याचं जुनंच टुमणं, आमच्याकडे राहायला या. तूही त्याच्याच बाजूची ("जा की, हट्टी कुठला!" हे तुझे शब्द, मी विसरलो नाही). मुलगा चांगला आहे, सूनबाई त्याहून चांगली. पण त्यांच्या घरचे दिवे आपोआप लागतात आणि माणूस स्वस्थ बसला की आपोआप विझतात. मागच्या खेपेस मी खुर्चीत बसून दर थोड्या वेळाने हात हलवत होतो, मी अजून आहे हे दिव्याला कळावं म्हणून. सूनबाईला वाटलं, मी तिला बोलावतो आहे. ती बिचारी दर वेळी यायची. अशा घरात मला जायचं नाही, पण असं तोंडावर सांगता येत नाही. म्हणून मी इतकी वर्षं एकच सबब पुढे केली: माझ्या जिभेचं लहानपणापासून अवघड आहे, हे चालत नाही ते चालत नाही, वांगं तर नुसतं पाहिलं तरी उठून जातो, कुणाच्या स्वयंपाकघराला माझा ताप नको. सबब भक्कम होती. आता चिरंजीव म्हणाले, "महिन्याअखेरच्या रविवारी येतो. तुमच्या त्या खानावळीतच जेवू, आणि मग काय ते एकदाचं ठरवू." म्हणजे बघ. तो समोर बसणार, मालकीणबाई हाक देणार, वाडगा येणार, आणि ज्याच्या जोरावर मी माझी खोली टिकवून धरली तेच वांगं मी त्याच्यादेखत मिटक्या मारत खाणार. सबब संपली, खोली संपली.

तेव्हा रविवारच्या आत वांगं बंद करायचं, असा मी निश्चय केला. बंद झालं का? ऐक.

आधी मी डॉक्टरांचं नाव घेतलं. खोल आवाज काढून म्हणालो, "डॉक्टरांनी तेलकट बंद केलंय." मालकीणबाईंचा चेहरा पडला. "अगंबाई, मग आधी नाही का सांगायचं?" मी मनात म्हटलं, सुटलो. दुसऱ्या दिवशी वांगं आलं ते वाफवलेलं. अक्का, तळलेलं वांगं निदान आपलं वांगंपण थोडं झाकून तरी असतं. हे नुसतंच पडून होतं, पाण्यात बुडून वर आल्यासारखं. त्यातून मालकीणबाई रोज तब्येतीची चौकशी करू लागल्या. मी न झालेल्या आजाराची तपशीलवार माहिती देऊ लागलो आणि देता देता मला खरंच डाव्या बाजूला दुखायला लागलं. शेवटी मीच जाहीर केलं की डॉक्टरांनी तेल पुन्हा चालू केलंय. त्या आनंदात आचाऱ्याने रस्सा दाट केला.

मग मी लहानपणीची युक्ती काढली. तू नाहीस तर खिसा तरी आहे. पिशवी नेली, कुणी बघत नाही असं पाहून (मासा बघत होता) वांगं पिशवीत, पिशवी कोटाच्या खिशात. घरी येऊन टाकून देणार होतो, पण जिना चढून दम लागला की मला काही आठवत नाही. दुसऱ्या दिवशी तो कोट मी लॉन्ड्रीत दिला. लॉन्ड्रीवाल्याने खिसा चाचपला, पिशवी उघडली, हुंगली, आणि शेजारधर्म म्हणून सरळ बाजूच्या खानावळीत नेऊन दिली. मालकीणबाईंना वाटलं, म्हाताऱ्याचं पोट भरत नाही, घरी खायला लपवून नेतो बिचारा. डोळ्यांना रुमाल लावला म्हणे त्यांनी. तेव्हापासून वाडगा दुप्पट.

शेवटी मी खानावळच बदलायचं ठरवलं. लांब, मोठ्या रस्त्याच्या पलीकडे सँडविचचं दुकान आहे. चोरासारखा आत शिरलो, कोपऱ्यातलं टेबल पाहिलं, तर तिथे आधीच एकजण माझ्यासारखाच पाठ करून बसलेला. वळला तर आचारी! तोंडात सँडविच. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. दारूच्या गुत्त्यावर सोयरे भेटावेत तसं झालं. तो घास गिळून म्हणाला, "आमच्या घरी बोलू नका, आजोबा." मी म्हणालो, "तुम्हीही माझं बोलू नका." माणसाने स्वतःच्या हातचं सोडून इथे का यावं, हे विचारायचं मला सुचलं नाही. मी माझ्याच घोरात. पण त्या दिवसापासून त्याला माझ्याबद्दल जास्तच जिव्हाळा वाटू लागला, आणि त्याचा जिव्हाळा कशाच्या रूपाने वाडग्यात पडतो ते तुला आता ठाऊक आहे.

तर असा मी दमलो आहे. वांग्याने नाही, 'छान आहे' म्हणून म्हणून दमलो आहे. आधी माझं बोलणं तू बोलायचीस, मग तुझी भावजय बोलायची. दुकानात, डॉक्टरकडे, सगळीकडे. "यांना हे चालत नाही," असं ती ठणकावून सांगायची आणि मी मागे उभा राहून हो म्हणायचो. एवढं एकच काम मला चांगलं जमत होतं. असो. डोळ्याला जप. उन्हात फिरू नकोस. सावलीतही सांभाळून, तिथे ठेच लागते.

तुझा,
धाकटा

ता. क. – काही मागायचं नाही म्हणालो होतो, ते खरंच होतं, पण पत्र लिहिता लिहिता सुचलं. तू शनिवारपर्यंत येऊ शकशील का? येऊन मालकीणबाईंना एवढंच सांगायचं की याला वांगं आवडत नाही. तुझ्या तोंडापुढे आजवर कुणी टिकलेलं नाही. आणि सांगायला तुलाही संकोच वाटला (वाटणार नाही म्हणा), तर नुसती माझ्या शेजारी बस. पुढचं काय करायचं ते तुला माहीत आहे.

ता. क. दुसरा – हे पत्र वेळेवर टाकायचं राहिलं. कोटाच्या खिशात ठेवलं आणि कोट पुन्हा लॉन्ड्रीत गेला. लॉन्ड्रीवाल्याने या वेळी पाकिटासकट इस्त्री करून परत दिलं, म्हणून ते इतकं सपाट आहे. दरम्यान रविवार येऊन गेला.

चिरंजीव आले, माझ्या समोर बसले. मी मालकीणबाईंना डोळ्यांनी खुणावत होतो. त्यांना वाटलं, मी मुलाची ओळख करून देतो आहे. हाक गेली, वाडगा आला, दुप्पटच. चिरंजीवांनी आत डोकावून पाहिलं.

"बाबा, हे वांगं आहे."

"असेल," मी म्हणालो.

"तुम्ही वांगं खाता?"

मालकीणबाई मध्येच म्हणाल्या, "खातात? अहो, जीव आहे त्यांचा वांग्यावर! खिशात घालून घरी नेतात!"

चिरंजीव खुर्चीला टेकून बसले. हसले. वकिलाला पुरावा सापडल्यावर तो हसतो तसे. "मग झालं तर. ज्याला वांगं चालतं त्याला आमच्याकडचं काय चालणार नाही? सामान कधी बांधायचं?"

अक्का, मी माशाकडे पाहिलं. मागे वळून पाहिलं, उगीच, सवयीने. मागे कोण असणार? नुसती भिंत, आणि भिंतीला कॅलेंडर, तेही गेल्या वर्षीचं. मग माझ्याच तोंडून शब्द निघाले, "मला वांगं आवडत नाही." इतके हळू निघाले की मालकीणबाई म्हणाल्या, "अजून वाढू?" तेव्हा मी उठून उभा राहिलो (कपाट नव्हतं, टेबल धरलं, टेबल डुगडुगलं) आणि ओरडलो, "मला वांगं आवडत नाही! कधीच आवडलं नाही! लहानपणापासून आवडत नाही!" सगळ्या टेबलांवरचे हात थांबले. आचारी हात पुसत बाहेर आला.

"मग रोज खाल्लंत कशाला?" त्याने विचारलं.

"तुम्ही असे हात पुसत उभे राहता म्हणून!"

तो माझ्या शेजारच्या खुर्चीत धपकन बसला. मला वाटलं, गेला. पण तो म्हणाला, "सुटलो हो आजोबा. तुमच्याशिवाय एक माणूस ते घेत नाही. तुमच्या एकट्यासाठी रोज सकाळी बाजारात जाऊन वांगी निवडतो. मला स्वतःला त्याचा वास सोसत नाही, दुपारी जेवण जात नाही." (म्हणून सँडविच! ते मात्र आम्ही दोघं बोललो नाही. दिला शब्द पाळला.) मालकीणबाई कमरेवर हात ठेवून आमच्याकडे आळीपाळीने बघत होत्या. "दोघांना तोंडं दिलीत देवाने," त्या म्हणाल्या, "ती काय नुसती गिळायला?"

वाडगा चिरंजीवांनी संपवला. बोटं चाटून संपवला. अगदी तुझ्यासारखा खातो. मग तो मला सोडायला जिना चढू लागला. मधल्या कठड्याशी मी दम खायला थांबलो, तर म्हणाला, "बाबा, आमच्याकडे आलात की तुम्ही सगळ्यालाच छान म्हणता."

"हो."

"दिव्यांनासुद्धा छान म्हणाला होतात."

मी गुडघ्याकडे पाहिलं. त्यालाही थोडा वेळ जिन्याच्या पिवळ्या रंगाकडे बघावंसं वाटलं. मग म्हणाला, "राहा इथेच. निदान इथे तुम्ही ओरडता तरी." मला हात देऊन त्यानेच वर आणलं आणि जाताना दाराची सैल झालेली कडी घट्ट करून गेला. तेव्हा खोली राहिली, अक्का. तुझ्याशिवाय राहिली. म्हणून पहिल्या ता. क.मधली विनंती खोडलेली समज.

ता. क. तिसरा – खोडू नकोस. आज खानावळीत गेलो. मालकीणबाई सगळं काम सोडून समोर बसल्या, आचारीही आला, आणि त्या म्हणाल्या, "आता सांगा आजोबा. तुम्हाला आवडतं तरी काय?" अक्का, हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. काय चालत नाही एवढंच विचारायचे, ते मला पाठ आहे. मला काहीच आठवेना. चष्मा होता, पण घामाने धुरकटला. सगळे वाट बघत होते. मी घाईघाईने भिंतीवर बोट ठेवलं. वाडगा आला. आत काळे, वळलेले, चिवट कान. अळंबीच असते ती म्हणे, झाडावर उगवते, पण दिसायला हुबेहूब कान. दातांखाली कुरकुर वाजतात, आपलंच बोलणं ऐकून चिडल्यासारखे. आणि आचारी समोर हात पुसत उभा.

मी म्हणालो, "छान आहे."

बाहेर पडताना मागून हाक ऐकली, "उद्यापासून आजोबांचे कान!"

तेव्हा ये. शनिवार गेला, कुठलाही वार चालेल. तुला कान चालतात का ते आधी कळव. आणि इथे तुझ्यासमोर चुकून कारलं आलं (चित्र आहे त्याचं, वांग्याला लागूनच), तर घाबरू नकोस. आचाऱ्याला काही बोलू नकोस. वाडगा हळूच माझ्याकडे सरकव.